क्षयरोग्याचे ताट : मद्रास १९५९ ते झारखंड २०२३

ऑगस्ट २०२३ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात झारखंडमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणीचे नाव होते 'रेशन्स'. तपासली जाणारी वस्तू कोणतेही नवे औषध नव्हती, लसही नव्हती. ती होती तांदूळ आणि तूरडाळ. क्षयरुग्णाच्या घरातील इतर माणसांना दरमहा शिधा दिला, तर त्यांच्यात नव्याने उद्भवणाऱ्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते आणि प्रयोगशाळेत जंतू सापडून निश्चित झालेल्या फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी होते, असे त्या चाचणीत दिसून आले. बातमी वाचणाऱ्या पुष्कळांना त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही आढळले नसेल. पोटभर जेवणारा माणूस कमी आजारी पडतो, हे सांगायला चाचणी कशाला हवी?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. चौसष्ट वर्षांपूर्वी, १९५९ साली, याच देशातील एका चाचणीने क्षयरोगाच्या उपचारातून आहाराचे स्थान जवळजवळ पुसून टाकले होते. ती चाचणी मद्रासमध्ये झाली, अत्यंत काटेकोरपणे झाली आणि तिने जगभरातील लाखो गरिबांचे प्राण वाचवले. तिचा निष्कर्ष चुकीचा नव्हता. मद्रासमधील ज्या केंद्राने ती केली, तेच केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते आणि झारखंडच्या चाचणीतही ते सहभागी होते. एकाच संस्थेच्या दोन कामांनी आहाराविषयी उलटसुलट वाटणारी दोन उत्तरे कशी दिली, हे समजून घ्यायचे तर शरीरातील दाह आणि अन्न यांचे नाते पाहावे लागते.

क्षय या शब्दातच रोगाचे लक्षण सामावलेले आहे. झिजणे, खंगणे, उतरत जाणे. चरकसंहितेत राजयक्ष्म्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि खंगलेल्या रोग्याला मांसरसासारखा पुष्टिकारक आहार देण्याचा उपदेश त्यात आहे. युरोपातही या रोगाच्या जुन्या नावांचा अर्थ 'आतून खाऊन टाकणारा' असाच होता. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. मात्र जंतू सापडला तरी त्याला मारणारे औषध पुढील साठ वर्षे कोणाच्याच हाती नव्हते. त्या काळात उपचार होता तो सॅनेटोरियमचा, म्हणजे डोंगराळ किंवा मोकळ्या जागेतील आरोग्यधामाचा. विश्रांती, उघडी हवा, आणि दूध, अंडी, लोणी, मांस यांचा भरपूर आहार ही त्याची त्रिसूत्री होती.

भारतात अजमेरजवळ तिलौनिया येथे १९०६ साली, कुमाऊँच्या टेकड्यांत भोवाली येथे १९१२ साली, आणि त्यानंतर आंध्रातील मदनपल्ली व मद्रासजवळील तांबरम येथे अशी आरोग्यधामे उभी राहिली. तेथे रोग्याचे नियमाने वजन केले जाई. काटा वर सरकला की डॉक्टरांच्या आणि नातेवाइकांच्या चेहऱ्यावर आशा दिसे. वजनाचा काटा हेच त्या काळचे रोगाचे मोजमाप होते. परंतु या खाटा मोजक्या होत्या, त्यांचा खर्च मोठा होता, आणि गिरणीत किंवा शेतात राबणाऱ्या माणसाला वर्ष-दोन वर्षे घर सोडून तेथे राहणे परवडण्यासारखे नव्हते. बहुसंख्य भारतीय क्षयरुग्णांनी सॅनेटोरियम कधी पाहिलेच नाही.

मग औषधे आली. १९४३ साली अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९४६ मध्ये पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक ॲसिडचा, ज्याला डॉक्टर 'पॅस' म्हणत, उपयोग जाहीर झाला आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड हे स्वस्त, गोळीच्या रूपात घेता येणारे औषध हाती आले. यांपैकी एकच औषध दिल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात, दोन एकत्र दिल्यास मात्र रोग बरा होतो, हेही स्पष्ट झाले. आता स्वतंत्र भारतापुढील प्रश्न असा होता : औषधे उपलब्ध आहेत, रुग्ण लाखोंनी आहेत आणि खाटा अगदी थोड्या आहेत. मग ही औषधे रुग्णाला त्याच्या घरीच देता येतील का? दाटीवाटीच्या खोलीत, अपुऱ्या जेवणावर, विश्रांतीविना ती लागू पडतील का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. सुरुवातीची धुरा वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरांकडे होती. शहरातील गरीब वस्त्यांमधले रुग्ण निवडण्यात आले आणि कोणी घरी राहायचे, कोणी सॅनेटोरियममध्ये जायचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ठरवण्यात आले. दोन्ही गटांना एक वर्षभर आयसोनियाझिड आणि पॅस ही सारखीच औषधे मिळाली. फरक होता तो परिस्थितीचा. सॅनेटोरियममधील रुग्णांना खाट, परिचारिका, मोकळी हवा आणि चांगले जेवण मिळे. घरच्या रुग्णांना त्यांचे नेहमीचेच आयुष्य होते.

वर्षअखेरीस सॅनेटोरियममधील ९२ टक्के रुग्णांचा रोग जंतूंच्या कसोटीवर शांत झालेला आढळला. घरच्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते. परिस्थितीतील तफावत पाहता हा फरक फारच लहान होता. पुढील पाच वर्षांच्या पाहणीत असेही दिसले की, रुग्ण घरी राहिल्यामुळे घरातील इतरांना रोग अधिक प्रमाणात जडला असे झाले नाही. केंद्राने दोन्ही गटांच्या जेवणाची नोंद ठेवली होती. १९६१ साली आहारावर स्वतंत्र लेख प्रसिद्ध झाला आणि त्याचा आशय स्पष्ट होता : योग्य औषधे नियमित दिली, तर जंतूंचा नायनाट होण्यासाठी पौष्टिक आहार ही पूर्वअट नाही.

त्या काळात हा निष्कर्ष म्हणजे मोठी मुक्ती होती. 'आधी दूध-अंडी परवडतात का ते पाहा, मग औषधाचे बघू' असे म्हणून गरीब रुग्णाला परत पाठवण्याचे कारण संपले. आजाऱ्याला कुटुंबापासून तोडून दूर डोंगरावर पाठवण्याची गरज संपली. १९६२ साली सुरू झालेल्या भारताच्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पाया याच निष्कर्षावर रचला गेला आणि अनेक देशांनी त्याचे अनुकरण केले. सॅनेटोरियमचे युग मद्रासने संपवले, असे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात म्हटले जाते, आणि ते यथार्थ आहे.

मात्र चाचणी ज्या प्रश्नासाठी रचलेली असते, त्याच प्रश्नाचे उत्तर ती देते. मद्रासचा प्रश्न होता : घरी राहून, कमी आहारावर, औषधाने थुंकीतील जंतू नाहीसे होतात का? उत्तर होते : होतात. हळूहळू धोरणाच्या भाषेत हेच उत्तर 'क्षयाच्या उपचारात आहाराला महत्त्व नाही' अशा रूपात वापरले जाऊ लागले. अतिशय खंगलेला रुग्ण उपचाराच्या पहिल्या आठवड्यांत दगावतो का, बरा झालेला रुग्ण पुन्हा ओझे उचलू शकतो का, आणि त्याच्या घरातील उपाशी माणसांपैकी पुढे कोण आजारी पडतो, हे प्रश्न त्या चाचणीत विचारलेले नव्हते. खुद्द मद्रासच्या नोंदींतही एक खूण होती : दोन्ही गटांचे वजन वाढले; मात्र सॅनेटोरियममधील रुग्णांचे अधिक वाढले. जंतूंच्या कसोटीवर दोन्ही गट जवळपास सारखे होते, शरीराच्या कसोटीवर नव्हते. ही खूण पुढची अनेक दशके दुर्लक्षित राहिली. रिफॅम्पिसिन आले, उपचार सहा महिन्यांवर आला, देखरेखीखाली गोळ्या देण्याची पद्धत आली. पोषण हा समाजकल्याणाचा विषय ठरला, दवाखान्याचा राहिला नाही.

याच काळात दुसऱ्या दिशेने एक वेगळे संशोधन पुढे सरकत होते. दीर्घ आजारात माणूस खंगतो तो नेमका कशामुळे? ट्रिपॅनोसोमा या परजीवीची लागण झालेले प्राणी अन्न समोर असतानाही झिजून का मरतात, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी यांना पडला होता. झिजवणारा एखादा पदार्थ शरीर स्वतःच तयार करत असावा, असा त्यांचा तर्क होता. त्याला त्यांनी 'कॅकेक्टिन' हे नाव दिले. १९८५ साली ब्रूस ब्यूटलर आणि सेरामी यांनी दाखवून दिले की, कॅकेक्टिन आणि गाठींच्या पेशी मारणारा म्हणून १९७५ पासून ज्ञात असलेला 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर', म्हणजे टीएनएफ, हे एकच आहेत. रोगाशी लढणाऱ्या पेशी जो रासायनिक संदेश पाठवतात, तोच संदेश शरीराला झिजवतो.

येथे दाह या शब्दाचा वैद्यकीय अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. जखमेभोवतीची लाली, सूज, उष्णता आणि वेदना हा दाहाचा दिसणारा भाग. क्षयासारख्या आजारात हाच दाह महिनोन्महिने संपूर्ण शरीरात धुमसत राहतो. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ हे त्याचे निरोपे. ते मेंदूपर्यंत पोहोचतात तेव्हा ताप येतो आणि भूक मरते. यकृताला ते संकटकाळातील प्रथिने बनवायला लावतात. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे रक्ताच्या अहवालात दिसणारे 'सीआरपी', हे त्यांतलेच एक, आणि त्याच वेळी रक्तातील अल्ब्युमिन उतरते. या तातडीच्या बांधकामासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे ॲमिनो आम्ले. ती येतात कोठून? स्नायूंतून. दंड आणि मांड्या विरघळवून शरीर लढाईचा खर्च भागवते.

हा दाह सरसकट दडपून टाकणे हाही उपाय नव्हे. संधिवातासाठी टीएनएफला अडवणारी औषधे वापरात आली, तेव्हा ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या शरीरात सुप्त असलेला क्षय उसळून आला, असे २००१ साली नोंदवले गेले. जो संदेश स्नायू झिजवतो, तोच क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवतो. दाह हा शरीराचा पहारेकरीही आहे आणि कोठार रिकामे करणाराही.

मग अशा रुग्णाला नुसते जेवण वाढवून दिले तर काय होते? याचे एक सुंदर मोजमाप बंगळुरूमध्ये झाले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डेरेक मॅकालन आणि जॉर्ज ग्रिफिन हे लंडनचे, तर अनुरा कुर्पाड आणि प्रकाश शेट्टी हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित संशोधक सहभागी होते. कुपोषित क्षयरुग्ण, क्षय नसलेली कुपोषित माणसे आणि निरोगी माणसे असे तीन गट घेण्यात आले. त्यांना ल्युसीन हे ॲमिनो आम्ल देण्यात आले; त्यातील कार्बनच्या अणूत नेहमीपेक्षा एक न्यूट्रॉन जास्त होता. कार्बन-१३ हे समस्थानिक किरणोत्सारी नसते, शरीराला ते वेगळे ओळखू येत नाही. पण वस्तुमान वर्णपटमापकाला येते. ल्युसीन स्नायूंच्या बांधणीत गेले, तर तो कार्बन शरीरात राहतो; इंधन म्हणून जळले, तर तो श्वासातून कार्बन डायऑक्साइडच्या रूपात बाहेर पडतो. श्वास गोळा केला की प्रथिनांचे काय झाले ते कळते.

क्षयरुग्णांनी खाल्लेल्या प्रथिनांतील मोठा वाटा जाळून टाकला. क्षय नसलेल्या कुपोषित माणसांचे शरीर तेच प्रथिन जपून ठेवत होते, क्षयरुग्णांचे ठेवत नव्हते. संशोधकांनी याला बांधणीतील अडसर म्हटले. नुसता उपाशी माणूस आणि दाहाने पेटलेला उपाशी माणूस यांच्यातील हा मूलभूत फरक आहे. पहिल्याच्या ताटात अन्न पडले की शरीर ते साठवू लागते. दुसऱ्याच्या ताटात पडलेले अन्न दाह शमेपर्यंत पुरेसे कारणी लागत नाही.

हा नियम केवळ क्षयापुरता नाही. स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेली 'एफर्ट' ही चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णांना प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे आखून आहार दिल्यावर तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मात्र त्याच माहितीचा पुढे दाहाच्या अंगाने अभ्यास झाला, तेव्हा ज्यांचे सीआरपी लिटरमागे १०० मिलिग्रॅमहून जास्त होते, अशा तीव्र दाहाच्या रुग्णांत हा लाभ दिसला नाही. आहार किती दिला याइतकेच, दाह कोणत्या टप्प्यावर असताना दिला, हेही महत्त्वाचे ठरते.

या प्रकाशात मद्रासचा निष्कर्ष पुन्हा वाचला तर त्याचा अर्थ उलगडतो. औषधाने जंतू मेले, दाह ओसरला, भूक परतली, आणि घरच्या साध्या जेवणावरही रुग्णांचे वजन थोडे वाढले. औषधाने अन्नासाठी दार उघडले होते. दार उघडल्यावर आत येण्याजोगे अन्न घरात किती होते, हा पुढचा प्रश्न होता, आणि तो विचारायला छत्तीसगडमधील एका गावातील डॉक्टर पुढे आले.

बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था १९९९ पासून काम करते. २००४ ते २००९ या काळात तेथे उपचार घेतलेल्या १,६९५ प्रौढ क्षयरुग्णांच्या वजन-उंचीच्या नोंदी अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केल्या. निदानाच्या वेळी पुरुषांचे मध्यक वजन ४२.१ किलो होते, स्त्रियांचे ३४.१ किलो. म्हणजे निम्म्या स्त्रियांचे वजन ३४ किलोंच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होते. अतिशय खंगलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते. उपचार पूर्ण झाल्यावरही निम्म्या स्त्रिया आणि एक तृतीयांश पुरुष मध्यम ते तीव्र कुपोषितच होते. सरकारी दप्तरात 'बरा झाला' अशी नोंद झालेला माणूस रिकाम्या शरीरानिशी घरी परतत होता.

दुसरीकडे, कमी वजन हेच क्षयाला आमंत्रण असते, याचेही पुरावे साठत होते. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०१० साली असे दाखवण्यात आले की, वजन-उंचीच्या गुणोत्तराचा, म्हणजे बॉडी मास इंडेक्सचा, आकडा एकेकाने वाढत जाईल तसतसा क्षयाचा धोका दर पायरीला सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. जंतू अनेकांच्या शरीरात शिरतो आणि बहुतेकांत सुप्त राहतो; अन्नाच्या अभावी पेशींचा पहारा ढिला पडला की तो जागा होतो. म्हणजे भूक क्षयाला वाट करून देते आणि क्षय भूक मारून शरीर आणखी रिकामे करतो. त्याच घरात, त्याच रिकाम्या डब्यांसमोर बसलेली इतर माणसे या चक्राच्या तोंडाशी उभी असतात.

झारखंडच्या चाचणीने नेमके हे चक्र तोडण्याचा प्रयत्न केला. रांची, पूर्व सिंहभूम, पश्चिम सिंहभूम आणि सरायकेला-खरसावाँ या चार जिल्ह्यांत ऑगस्ट २०१९ पासून २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे तिच्यात सहभागी झाली. संथाळ, हो, मुंडा, उराँव, भूमिज अशा आदिवासी समाजांतील लोक त्यात सुमारे दोन तृतीयांश होते. प्रत्येक रुग्णाला, तो कोणत्याही गटातील असो, उपचाराच्या काळात दरमहा दहा किलोंचा शिधा मिळाला : दिवसाला सुमारे १,२०० किलोकॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने पुरवणारा, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. रुग्णाला अन्नाविना ठेवून तुलना करणे नैतिकदृष्ट्या मान्य होण्यासारखे नव्हते. तुलना होती ती घरच्यांची. एका गटातील घरच्या प्रत्येक प्रौढाला दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकांच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या गटातील घरच्यांना त्या मिळाल्या नाहीत. कोविडची टाळेबंदी याच काळात आली आणि गेली. जुलै २०२२ पर्यंत पाहणी चालली.

एकूण २१८ जणांना क्षय झाला : १२२ शिधा न मिळालेल्या गटातील आणि ९६ शिधा मिळालेल्या गटातील, आणि शिधा मिळालेला गट संख्येने मोठा होता. वय, पोषणस्थिती अशा घटकांचा हिशेब जमेस धरून ३९ टक्क्यांची घट निघाली. सुमारे तीस कुटुंबांना शिधा पुरवला की एक नवा क्षयरुग्ण टळतो, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

रुग्णांविषयीचा सोबतचा लेख 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. निदानाच्या वेळी पाचांपैकी चार रुग्ण कमी वजनाचे होते. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोंच्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्वच रुग्णांना शिधा मिळालेला असल्याने, वजन वाढले म्हणून माणसे वाचली की ज्यांचा दाह लवकर ओसरला त्यांचे वजनही वाढले आणि तेच वाचले, हे या आकड्यावरून पूर्णपणे वेगळे करता येत नाही. बहुधा दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. परंतु काटा हलत नसेल, तर रुग्ण धोक्यात आहे, हे डॉक्टरला दुसऱ्या महिन्यातच कळू शकते. सॅनेटोरियमच्या जमान्यातील वजनकाटा असा नव्या अर्थाने दवाखान्यात परतला.

धोरणही सावकाश वळत गेले. २०१७ साली केंद्रीय क्षयरोग विभागाने क्षयरुग्णांच्या पोषणाविषयी मार्गदर्शिका काढली. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. त्याच वेळी कमी वजनाच्या रुग्णांना पहिले दोन महिने जास्त उष्मांकाचे पूरक अन्न देण्याचे आणि स्वेच्छेने मदत करणाऱ्या निक्षय मित्रांच्या शिध्यात घरच्यांनाही सामावून घेण्याचे जाहीर झाले. यातील शेवटची तरतूद झारखंडच्या निष्कर्षाशी सर्वांत थेट जुळणारी आहे आणि तीच सर्वांत जास्त देणगीदारांच्या इच्छेवर अवलंबून आहे. शिवाय रोख रक्कम आणि शिधा या एकाच गोष्टी नव्हेत. झारखंडमध्ये तपासला गेला तो शिधा. खात्यात आलेले पैसे औषधोपचारासाठीच्या प्रवासात, उधारीत किंवा मुलांच्या वह्यांत जाऊ शकतात, आणि तसे गेले तर त्यात गरिबाचा दोष नसतो.

आहार देणे हेही कधी कधी जोखमीचे काम असते. अतिशय खंगलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदय बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून अशा रुग्णाला थोडेथोडे, मोजून, देखरेखीखाली भरवावे लागते. त्यासाठी खाट लागते. तामिळनाडूने एप्रिल २०२२ मध्ये 'कासनोय इरप्पिल्ला तिट्टम', म्हणजे क्षयमृत्यूविरहित योजना, सुरू केली. चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेच्या सहभागाने आखलेल्या या योजनेत निदान होताच काही साध्या गोष्टी पाहिल्या जातात : वजन आणि उंची, पायावरची सूज, श्वासाचा वेग, रक्तातील ऑक्सिजन, आणि रुग्ण आधाराशिवाय उभा राहू शकतो की नाही. धोक्यातील रुग्णाला भरती करून औषधाबरोबर उपचार म्हणून आहार दिला जातो. बाकीचे रुग्ण घरीच राहून गोळ्या घेतात.

ज्या राज्यातील शहराने रुग्णाला खाटेवरून घरी पाठवले, त्याच राज्यात आता मोजक्या रुग्णांसाठी खाट पुन्हा मांडली गेली आहे. यात मद्रासच्या जुन्या चाचणीचा पराभव नाही. बहुसंख्यांना घरी बरे करता येते, हे तिचे सत्य आजही कायम आहे. औषधाशिवाय अन्न जळून जाते, हे बंगळुरूच्या श्वासांनी दाखवले. अन्नाशिवाय औषध रुग्णाला बरे करते; पण त्याचे शरीर रिकामे ठेवते आणि त्याच्या घरात पुढच्या रुग्णासाठी जागा करून ठेवते, हे गनियारी आणि झारखंडने दाखवले. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आजही भारतात आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या कार्डावर गोळ्यांच्या मात्रेशेजारी वजनाचा रकाना असतो. तो रकाना दरमहा भरला जातो का, त्यातला आकडा कोणी वाचतो का, आणि तो वाढला नाही तर त्या घरी शिधा पोहोचतो का, यावर या साऱ्या विज्ञानाचा उपयोग अवलंबून आहे.